केवलमूल्याची समीकरणे: आधी अंतर, मग बीजगणित

पणजीहून म्हापसा उत्तरेला आहे आणि मडगाव दक्षिणेला, पण किती दूर असे विचारल्यावर आपण दिशा न सांगता फक्त किलोमीटर सांगतो. केवलमूल्य म्हणजे नेमके हेच दिशाविरहित अंतर होय. ते दोन उभ्या रेघांनी दाखवतात, आणि |क्ष − ७| म्हणजे क्ष चे ७ पासूनचे अंतर. त्यामुळे |क्ष − ७| = ५ हे उदाहरण दिसताच संख्यारेषेवर ७ पासून ५ एकक दूर असलेले २ आणि १२ हे दोन बिंदू शोधावेत. चिन्ह ‘<’ असेल, तर उत्तर या दोहोंच्या मधले असते. ‘>’ असेल, तर बाहेरचे.

खरी अडचण उजव्या बाजूलाही क्ष असतो तेव्हा येते, आणि कॅट, जीमॅटसारख्या व्यवस्थापन प्रवेश परीक्षांची तयारी करताना विद्यार्थ्यांनी इथेच सर्वाधिक सावध राहावे, असे मला कळकळीने वाटते. |क्ष − ४| = २क्ष + १ यात क्ष − ४ = २क्ष + १ आणि क्ष − ४ = −(२क्ष + १) या दोन्ही शक्यता सोडवल्यास क्ष = −५ आणि क्ष = १ मिळतात; मात्र −५ घातल्यास उजवी बाजू −९ होते, आणि अंतर कधीच ऋण नसल्यामुळे ते उत्तर बाद ठरते. पर्यायांमध्ये बहुधा ‘−५ आणि १’ ही जोडीही दिलेली असते, म्हणून प्रत्येक किंमत मूळ समीकरणात घालून पाहिल्याशिवाय पर्याय निवडू नये.