साध्या फाइलमधून एन्क्रिप्टेड डिस्क: कमांड लाइनवर नवीन असणाऱ्यांसाठी

लिनक्स शिकायला घेतलेले बरेच जण एन्क्रिप्शन (पासवर्डशिवाय वाचता येऊ नये असा डेटा करून ठेवणं) म्हटलं की थेट अख्खी हार्डडिस्क एन्क्रिप्ट करायच्या मागे लागतात, मग डेटा जाईल या धास्तीने ते काम पुढे ढकलत राहतात. माझं मत विचाराल तर आधी एक साधी फाइल घ्या, तिचीच डिस्क बनवा, तिच्यावर वाट्टेल ते प्रयोग करा, बिघडली तर डिलीट मारून दुसरी बनवा. सिस्टीम अ‍ॅडमिनच्या कामात मी हे रोज वापरतो आणि नव्या पोरांना शिकवतो तेव्हाही इथूनच सुरुवात करतो, कारण स्टोरेजचे सगळे थर यात एका जागी दिसतात.

थर म्हणजे काय ते आधी बघू, कारण कमांड पाठ करून काही होत नाही. सगळ्यात खाली तुमची फाइल. तिच्यावर लूप डिव्हाइस, म्हणजे कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) ती फाइल डिस्कसारखी दाखवणारी सोय. त्यावर डीएम-क्रिप्ट, कर्नलचाच एक भाग, जो लिहिताना एन्क्रिप्ट आणि वाचताना डिक्रिप्ट करतो. त्यावर एक्स्ट४ सारखी फाइल सिस्टीम, आणि सगळ्यात वर तो फोल्डर जिथे तुम्ही ती माउंट करता, म्हणजे वापरासाठी जोडता. प्रत्येक कमांड यातला एखादा थर चढवते किंवा उतरवते, बस. एरर आली की ती कुठल्या थराची आहे एवढं ओळखता आलं तर अर्धं काम झालं.

फाइल बनवायला ट्रंकेट वापरा नाहीतर एफ-अ‍ॅलोकेट, पण फरक माहीत असू द्या. ट्रंकेटने १ जीबीची फाइल क्षणात होते, फाइलींची यादी देणारं एलएस १ जीबी दाखवतं आणि खरी वापरलेली जागा मोजणारं डीयू शून्य, कारण डिस्कवर जागा अजून घेतलेलीच नसते. नंतर खरी डिस्क भरली तर आतल्या फाइल सिस्टीमला वाटतं जागा आहे, प्रत्यक्षात नसते, आणि लिहिता लिहिता एरर येऊन आतलं सगळं खराब होऊ शकतं. एफ-अ‍ॅलोकेट जागा आधीच राखून ठेवतो म्हणून मी तोच सुचवतो. साइज फार छोटी घेऊ नका, लक्स२ (लिनक्सवर डिस्क एन्क्रिप्ट करायचा ठरलेला फॉरमॅट) चा हेडरच, म्हणजे सुरुवातीचा माहितीचा भाग, डिफॉल्टला १६ एमबी खातो, त्यामुळे २० एमबीची फाइल घेतली तर हातात जेमतेम ४ एमबी उरतात आणि मग लोक विचारतात जागा गेली कुठे.

मग क्रिप्टसेटअप (लक्स हाताळणारी कमांड) लक्सफॉर्मॅट आणि पुढे फाइलचं नाव. इथे तो कॅपिटलमध्ये येस टाइप करायला लावतो, स्मॉलमध्ये लिहिलं तर काहीच न करता बाहेर पडतो, आणि हे मुद्दामच आहे, कारण या कमांडला फाइलऐवजी चुकून खऱ्या डिस्कचं नाव दिलंत तर तीही तितक्याच आज्ञाधारकपणे फॉर्मॅट होईल. एंटर मारायच्या आधी नाव परत वाचा. पासवर्ड कमांडच्या ओळीत घुसवायच्या भानगडीत पडू नका, तो शेलच्या (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) हिस्टरीत राहतो, विचारेल तेव्हाच टाका.

पुढे क्रिप्टसेटअप ओपन, फाइलचं नाव, आणि तुम्हाला हवं ते एक नाव, समजा तिजोरी. लूप डिव्हाइस तो स्वतःच जोडतो, त्यासाठी लॉसेटअप ही लूप जोडणारी कमांड वेगळी चालवायची गरज नाही. पासवर्ड दिल्यावर दोनेक सेकंद लागतात तेव्हा मशीन स्लो आहे असं समजू नका. पासवर्डवरून किल्ली काढणारं आर्गॉन२ मुद्दाम वेळ आणि मेमरी खातं, १ जीबीपर्यंत रॅम घेऊ शकतं, म्हणजे पासवर्ड अंदाजाने शोधणाऱ्यालाही प्रत्येक प्रयत्नाला तेवढीच किंमत पडते. याचा उलटा परिणाम असा की दणकट मशीनवर बनवलेली फाइल कमी रॅमच्या छोट्या बोर्डवर उघडताना अडू शकते, तसं करायचं असेल तर फॉर्मॅट करतानाच मेमरीची मर्यादा कमी द्या.

आता एलएसबीएलके (डिस्कची यादी दाखवणारी कमांड) चालवून बघा, लूप० आणि त्याच्या खाली एक पायरी आत सरकून तिजोरी, टाइपच्या रकान्यात क्रिप्ट. हे चित्र नीट बघून घ्या, वर सांगितलेले थर म्हणजे हेच, फक्त इथे उलटे दिसतात. मग डेव मॅपर तिजोरी या उघडलेल्या डिव्हाइसवर एमकेएफएस एक्स्ट४ चालवून फाइल सिस्टीम बनवा (फक्त पहिल्यांदा, रोज नाही!) आणि मग माउंट. माउंट झाल्यावर फाइल कॉपी करायला गेलात की परमिशन डिनाइड येणार, आणि नवखे इथे हमखास एन्क्रिप्शनला दोष देतात. त्याचा काही संबंध नाही, नवीन फाइल सिस्टीमचा मालक रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला युजर, असतो, माउंट केलेल्या फोल्डरवर एकदा चोन करून मालकी स्वतःकडे घ्या.

आता ज्या गोष्टीकडे फार कमी लोक लक्ष देतात ती सांगतो. माउंट केलेलं नसतानाही तो फोल्डर तिथेच असतो, रिकामा. तुमची बॅकअपची स्क्रिप्ट किंवा तुम्ही स्वतः, तिजोरी उघडी आहे असं समजून त्यात फाइली टाकल्यात तर त्या सरळ साध्या डिस्कवर उघड्या पडतात, कुठलीही एरर नाही. नंतर माउंट केलं की त्या वरच्या थराखाली झाकल्या जातात, दिसतही नाहीत, पण डिस्क काढून नेणाऱ्याला मात्र आरामात मिळतात. उपाय सोपा आहे: माउंट नसताना त्या रिकाम्या फोल्डरवर चॅटर प्लस आय (बदल करायला बंदी घालणारी खूण) लावून ठेवा, मग रूटलाही त्यात लिहिता येत नाही, आणि माउंट मात्र नेहमीसारखं होतं. स्क्रिप्टमध्ये माउंटपॉइंट कमांडने आधी तपासायचं, ते वेगळं.

बंद करताना उलट्या क्रमाने, आधी अनमाउंट मग क्रिप्टसेटअप क्लोज. टार्गेट इज बिझी आलं तर नव्वद टक्के वेळा तुमचंच एखादं टर्मिनल त्या फोल्डरमध्ये सीडी करून बसलेलं असतं, फ्यूझर किंवा एलएसओएफने बघा कोण आहे ते. आणि फक्त अनमाउंट करून उठू नका, क्लोज होईपर्यंत किल्ली मेमरीत असते आणि कोणीही रूट परत माउंट करू शकतो, पासवर्ड न देता. उघडी असताना ही फाइल सिंक करणाऱ्या क्लाउडच्या फोल्डरमध्ये ठेवणं किंवा नेटवर्कवरून दोन मशीनवर एकाच वेळी उघडणं, हे दोन्ही अजिबात नको. एक्स्ट४ला आपण एकटेच लिहितोय असं वाटत असतं.

हेडरबद्दल थोडं जास्त बोलतो. फाइलची सुरुवात हेक्सडम्पने (फाइलचे कच्चे बाइट दाखवणाऱ्या कमांडने) बघितलीत तर पहिली चार अक्षरं एल यू के एस अशी साफ दिसतात, म्हणजे एक्स्टेन्शन बदलून सुट्टीचे फोटो असं नाव दिलं तरी फाइल कमांड लगेच सांगते हे काय आहे. लपवणं हा लक्सचा उद्देशच नाही. डेटाची खरी किल्ली याच हेडरमध्ये, पासवर्डने बंद करून ठेवलेली असते, लक्स२ मध्ये पासवर्डसाठी ३२ पर्यंत जागा असतात, त्यामुळे दोन माणसांना दोन वेगळे पासवर्ड देता येतात, लक्सअ‍ॅडकीने. हेडरची किल्ल्यांची जागा खराब झाली तर पासवर्ड आठवूनही काही उपयोग नाही, डेटा गेला. म्हणून लक्सहेडरबॅकअप घ्या आणि दुसरीकडे ठेवा. पण यात एक मेख आहे: पासवर्ड बदलला तरी खरी किल्ली तीच राहते, म्हणजे जुना हेडर बॅकअप आणि जुना पासवर्ड ज्याच्याकडे आहे तो अजूनही आत शिरू शकतो. पासवर्ड फुटल्याचा संशय असेल तर नुसता बदलून भागत नाही, रीएन्क्रिप्ट करा, म्हणजे नवीन किल्लीने सगळा डेटा परत एन्क्रिप्ट करा, आणि जुने बॅकअप नष्ट करा.

विंडोज आणि मॅकवरही तीच फाइल उघडायची असेल तर लक्स सोडा, व्हेराक्रिप्ट घ्या. ट्रूक्रिप्ट हे एन्क्रिप्शनचं जुनं सॉफ्टवेअर २०१४ मध्ये बंद पडलं, व्हेराक्रिप्ट त्याच्याच कोडवर उभं आहे, टेक्स्ट मोडमध्ये कमांड लाइनवर चालतं, आणि त्याची फाइल क्रिप्टसेटअपलाही उघडता येते. फक्त मॅक असेल तर एन्क्रिप्टेड डिस्क इमेज बनवणारी एचडीआययूटिल ही कमांड त्यात आधीपासून आहेच.

मुलाखतीत डेटा अ‍ॅट रेस्टवर (डिस्कवर पडून असलेल्या डेटावर) प्रश्न आला तर थर सांगा, आणि हे कशापासून वाचवत नाही तेही सांगा, म्हणजे चालू मशीनवर घुसलेला माणूस, स्वॅपमध्ये (रॅम अपुरी पडली की डिस्कवर वापरल्या जाणाऱ्या जागेत) गेलेला मजकूर, एडिटरने टेम्प फोल्डरमध्ये ठेवलेली प्रत. तयारी म्हणून एक करून बघा: फालतू डेटाची एक तिजोरी बनवा, हेडरचा बॅकअप घ्या, ती बंद करा, मग डीडीने (बाइट जसेच्या तसे लिहिणाऱ्या कमांडने) फाइलचे पहिले १६ एमबी शून्याने भरा, नोट्रंक हा पर्याय विसरलात तर डीडी फाइलच कापून टाकेल. ओपन करा, नाही उघडणार. मग लक्सहेडररिस्टोअर चालवा आणि परत ओपन करा.