डायरेक्शनच का? फिल्म इन्स्टिट्यूटचा फॉर्म भरणाऱ्यांसाठी

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटची जाहिरात आली की विक्रोळी-भांडुप पट्ट्यातल्या ओळखीच्या, अर्धओळखीच्या पोरापोरींचे मेसेज सुरू होतात. "ताई, डायरेक्शनचा फॉर्म भरतोय, काय वाचू?" मी उलट विचारते, डायरेक्शनच का? त्यावर बहुतेकदा उत्तर येतं, "म्हणजे… फिल्म बनवायचीय ना."

फिल्म सगळेच बनवतात हो. मी तिथून साउंड शिकून आले आणि आता अंधेरीच्या एका स्टुडिओत दिवसभर दुसऱ्यांच्या सिनेमातले आवाज रचत बसते. तेव्हा पुढे जे लिहिलंय त्यात माझा कल साउंडकडे झुकलेला दिसेल. दिसू दे. त्या बाजूने सांगणारं कोणी फारसं भेटतही नाही.

आधी शाखा ठरवा. एफटीआयआय, म्हणजे हीच पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट, 1960 मध्ये प्रभात स्टुडिओच्या जागेत सुरू झालं. दिग्दर्शन-पटकथा, सिनेमॅटोग्राफी, एडिटिंग, साउंड, कला दिग्दर्शन हे तिथले तीन वर्षांचे कोर्स, अभिनयाचा दोन वर्षांचा, शिवाय टीव्ही विभागाचे एक वर्षाचे. प्रत्येक शाखेला जागा साधारण दहा-बारा, आणि त्यातल्याच काही राखीव. सगळ्यात जास्त झुंबड दिग्दर्शनाला आणि अभिनयाला. पण गर्दी कमी म्हणून साउंड घ्या असं मी अजिबात म्हणत नाही. मुलाखतीत असली माणसं पाच मिनिटांत उघडी पडतात.

शाखा कशी ठरवायची? तुम्हाला पाठ असलेला एखादा प्रसंग घ्या, तीन-चार मिनिटांचा. एकदा आवाज बंद करून बघा. एकदा डोळे मिटून नुसता ऐका. तिसऱ्यांदा कागद घेऊन बसा आणि शॉट बदलला की रेघ मारा. मग कशात रमलात ते प्रामाणिकपणे बघा. उजेड कुठून येतोय हे शोधत राहिलात? कट नेमका त्याच क्षणी का आला यावर अडकलात? की दार लागल्याचा आवाज खोटा वाटला म्हणून मागे जाऊन पुन्हा ऐकलात? आणि हे सगळं सोडून "ही बाई इथे गप्प का बसली" यातच जीव गुंतला असेल, तर मात्र खुशाल दिग्दर्शनाचा फॉर्म भरा.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. पदवी कोणत्याही विषयातली चालते. साउंडला बारावीत फिजिक्स असावं लागतं. रंग नीट ओळखता येत नसतील तर घाबरू नका, 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने अशा उमेदवारांना सगळे कोर्स खुले करायला सांगितलं. खरी गंमत जातीच्या दाखल्यात होते. ओबीसी असाल तर राज्याच्या नोकऱ्यांसाठी काढलेलं नॉन-क्रीमी लेयर इथे कामाचं नाही, केंद्र सरकारच्या नमुन्यातलं वेगळं काढावं लागतं. ते तहसील कचेरीतून हातात पडेपर्यंत शेवटची तारीख उलटून जाऊ शकते. म्हणून जाहिरातीची वाट न बघता आत्ताच अर्ज टाका. दहावीची मार्कशीट, आधार आणि पदवी या तिन्हींवर नाव सारखं आहे का तेही बघून घ्या. आपल्याकडे एका कागदावर वडिलांचं नाव मधे असतं, दुसऱ्यावर नसतं.

आता लेखी परीक्षा. मुंबईत केंद्र असतं. परीक्षेचा साचा अधूनमधून बदलतो, त्यामुळे त्या वर्षीचं माहितीपत्रक शब्दन् शब्द वाचा. ढोबळमानाने एक भाग पर्यायी प्रश्नांचा असतो, त्यात सामान्य ज्ञान, कला, सिनेमा वगैरे येतं. दुसरा भाग तुमच्या शाखेचा आणि लिहिण्याचा. जुन्या प्रश्नपत्रिका मिळतात. त्या घड्याळ लावून सोडवा, नुसत्या वाचून काही होत नाही.

साउंडवाल्यांनी बारावीचं फिजिक्स पुन्हा काढावं, पण पाठांतर नको. ढोल-ताशा पथक खालून जात असताना खिडकी लावून घेतली की ताशाची तडतड जवळजवळ बंद होते, पण ढोलाचा ठोका छातीत येतच राहतो. का? शंभर हर्ट्‌झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे साडेतीन मीटर. अशा लांब लहरींना भिंत आणि काच फारसं अडवू शकत नाहीत. उंच स्वराच्या आखूड लहरी मात्र तिथेच अडतात. गिरगाव चौपाटीवर फटाक्याचा उजेड दिसल्यावर तीन सेकंदांनी आवाज आला, तर तो सुमारे एक किलोमीटरवर फुटला. सत्तर डेसिबलच्या एका रिक्षाशेजारी तेवढ्याच आवाजाची दुसरी सुरू केली तर त्र्याहत्तर होतात, एकशे चाळीस नव्हे. एका सेकंदात चित्राच्या 24 फ्रेम आणि डिजिटल आवाजाचे 48,000 नमुने (सॅम्पल), म्हणजे एका फ्रेमला दोन हजार. हे असं आजूबाजूचं मोजत बसायची सवय लागली की पर्यायी प्रश्न फारसे त्रास देत नाहीत.

लिहिण्याचा भाग मात्र बहुतेकांना मारतो. समजा प्रश्न आहे: घरात एकटा म्हातारा माणूस मुलाच्या फोनची वाट बघतोय, संवाद न वापरता हा प्रसंग आवाजातून उभा करा. माझ्याकडे सरावाला येणारी निम्मी पोरं लिहितात: बाहेर धो धो पाऊस, घड्याळाची टिकटिक, पार्श्वभूमीला करुण बासरी. हे कुठलंही घर झालं. आणि बासरी वाजवून करुण केलं तर त्यात तुम्ही काय केलंत?

त्यापेक्षा लालबागच्या चाळीतली एक खोली घ्या. संध्याकाळ. म्हातारा मालिका बघतोय. भिंतीपलीकडच्या खोलीत तीच मालिका लागलीय, पण तिथला सेट-टॉप बॉक्स वेगळा, त्यामुळे प्रत्येक आवाज क्षणभर उशिरा पुन्हा येतो. मोबाइल पत्र्याच्या पेटीवर ठेवलेला. म्हातारा आवाज कमी करतो, फोन ऐकू यावा म्हणून. आता शेजारचा टीव्ही जास्त ऐकू येतो. तो टीव्ही बंदच करून टाकतो. मालिका भिंतीपलीकडून चालूच. मोरीतला नळ आधी फुसफुसतो, मग बादलीत धार पडते, म्हणजे पाणी आलं. तो उठत नाही. बादली भरत जाते तसा धारेचा स्वर चढत जातो, शेवटी पाणी सांडायला लागतं. मोबाइलची रिंग वाजते. म्हातारा पेटीकडे झेपावतो. रिंग शेजारच्या खोलीतली.

यात एकही शब्द नाही, बासरी नाही, पण माणूस दिसतो. शिवाय प्रत्येक आवाज गोष्ट पुढे ढकलतो: टीव्ही बंद करणं ही कृती आहे आणि सांडणारी बादली हा वेळेचा हिशेब आहे. परीक्षकाला एवढंच हवं असतं. दिग्दर्शन, एडिटिंग, कॅमेरा कुठल्याही शाखेचा पेपर असो, आपल्या मजल्यावरचं, आपल्या स्टेशनचं लिहा. न्यूयॉर्कमधला गुप्तहेर, मनोरुग्ण चित्रकार आणि पावसात भिजणारी वेश्या परीक्षकांनी आधीच हजारदा तपासून झालेत.

भाषेची भीती मराठी माध्यमवाल्यांना फार असते. पेपर इंग्रजी-हिंदीत असतो. तुमचं इंग्रजी अडखळत असेल तर हिंदीत लिहा, पण आधी ठरवून त्याच भाषेत सराव करा. परीक्षेच्या हॉलमध्ये 'फुसफुसणे'ला हिंदीत काय म्हणतात हे आठवत बसू नका. वाक्यं छोटी ठेवा. काय दिसतं, काय ऐकू येतं, नंतर काय होतं. इंग्रजीत भारी दिसायच्या नादात लोक नेमकेपणा घालवून बसतात.

काय बघू, हा प्रश्न राहिलाच. महान सिनेमांच्या याद्या फोनवर ढिगाने मिळतात, मी आणखी एक देणार नाही. लोकांत बसून बघा एवढंच सांगेन. प्रभात चित्र मंडळ ही फिल्म सोसायटी 1968 पासून मुंबईत चालू आहे. तिथे सिनेमा संपल्यावर जे काका-मावशी उभ्या उभ्या वाद घालतात ना, तो वाद ऐका, जमलं तर तोंड घाला. मुलाखतीची त्याहून चांगली तालीम नाही. माहितीपटांसाठी मिफ, म्हणजे मुंबईचा आंतरराष्ट्रीय महोत्सव, आहे. पेडर रोडला गुलशन महलात आणि शेजारच्या नव्या इमारतीत भारतीय सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, तिथे एक अख्खी दुपार घालवा.

इतिहास वाचताना नुसती सनावळी नको, अडचण शोधा. पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' 14 मार्च 1931 ला गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये लागला हे सगळे सांगतात. पण त्याचं बरंचसं शूटिंग मध्यरात्रीनंतर झालं, कारण स्टुडिओ रेल्वेच्या रुळांना लागून होता आणि दिवसा गाड्यांचा खडखडाट थेट रेकॉर्डिंगमध्ये यायचा. तेव्हा संवाद जागेवरच, चित्रीकरणासोबत मुद्रित करावा लागे. आज लोकेशनवर आम्ही विमान जाईपर्यंत थांबतो ते याच कारणाने.

लेखीतून निघालात की पुण्याची मुलाखत. सकाळची इंद्रायणी पकडून त्याच दिवशी पोचायचा हिशेब करू नका. पावसाळ्यात घाटात काहीही होतं. आदल्या दिवशी जा. समोर त्या क्षेत्रात काम केलेली माणसं असतात आणि तुम्ही जे बोललात त्यालाच धरून ती पुढचा प्रश्न विचारतात. म्हणून ज्या सिनेमाचं, पुस्तकाचं नाव घ्याल ते खरोखर बघितलेलं, वाचलेलं असावं. "लहानपणापासून सिनेमाचं वेड आहे" हे वाक्य घरीच ठेवून जा. माहीत नसेल तर सरळ माहीत नाही म्हणा; कोणी गुण कापत नाही, उलट गप्पा मोकळ्या होतात. स्वतः केलेलं काही असेल, मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग, काढलेले फोटो, दोन मिनिटांची फिल्म, तर त्यातलं एकच न्या, पण त्यातला प्रत्येक निर्णय तुम्हाला समजावून सांगता आला पाहिजे. सरावाला मी पोरांना विचारते: तुझ्या घरात पहाटे पहिला आवाज कशाचा येतो? बोरिवलीचा एक पोरगा म्हणाला, "वरच्या मजल्यावरचा पाटा-वरवंटा." पहाटे पाचला कोण वाटतं रे? तर वरच्या काकूंचा इडलीचा धंदा. असं उत्तर देता आलं पाहिजे.

आत गेल्यावर काय होतं तेही ऐका. सुरुवातीला सगळ्या शाखा थोडंथोडं सगळं शिकतात, मग वाटा वेगळ्या होतात, आणि प्रॅक्टिकलला पुन्हा एकत्र बांधल्या जातात. एका फिल्मला एक दिग्दर्शक, एक कॅमेरा, एक एडिटर, एक साउंड. जोडीदार आवडो न आवडो. पहाटे तीनला, हॉस्टेलच्या पायरीवर, त्याच जोडीदाराशी एका फुटकळ पावलाच्या आवाजावरून भांडण होतं आणि सकाळी सातला त्याच्याचबरोबर शूटला जायचं असतं. खरं शिक्षण बरंचसं तिथे होतं. संध्याकाळी थिएटरात सिनेमा असतो. दमलात तरी जा. लॉ कॉलेज रोडवरच फिल्म अर्काइव्ह आहे, त्याचाही फायदा घ्या.

पैशाचं घरी आधी बोला. सरकारी संस्था असली तरी फी, हॉस्टेल, मेस, वर प्रॅक्टिकलचा किरकोळ खर्च, सगळं मिळून गिरणी कामगाराच्या किंवा रिक्षावाल्याच्या घराला जड जातं. शिष्यवृत्त्या आहेत, पहिल्याच महिन्यात ऑफिसात जाऊन चौकशी करा. आणि आईवडिलांना "तीन वर्षांनी नोकरी" असं सांगू नका. नोकरी नसते, कामं असतात. एक संपलं की दुसरं शोधायचं.

नाही झालं तर? पुन्हा द्या, खूप जणांचं पहिल्या खेपेला होत नाही. कोलकात्याचं सत्यजित राय इन्स्टिट्यूट आहे. गोरेगावच्या फिल्मसिटीत खासगी संस्था आहे, पण तिची फी आधी बघा आणि कर्जाचा हप्ता मांडून बघा. पुण्यातला उन्हाळ्यातला फिल्म ॲप्रिसिएशनचा कोर्स काही आठवड्यांचा असतो, नोकरीतून सुट्टी काढून करता येतो.

नाहीतर सरळ लोकेशन साउंडच्या, म्हणजे शूटिंगच्या जागी आवाज मुद्रित करणाऱ्या, टीमबरोबर तिसरा माणूस म्हणून उभे राहा. केबल कोपरावर गुंडाळू नका, पीळ पडून आतली तार तुटते; एक वेटोळं सुलट, एक उलट अशी हातात घ्यायला शिका, टीममध्ये लगेच किंमत वाढते. बूम, म्हणजे लांब काठीवरचा माइक, धरताना त्याच्या सावलीकडे लक्ष ठेवा. आणि होकार देण्याआधी दिवसाचे पैसे किती, कधी मिळणार, आणि पॅकअप शेवटच्या लोकलनंतर झालं तर घरी सोडायला गाडी कोण देणार, हे प्रॉडक्शनवाल्याकडून मेसेजवर लिहून घ्या.