ठाण्याच्या गच्चीवरून तेजोमेघांचे छायाचित्रण कसे करावे

ठाणे किंवा नवी मुंबईच्या उजळलेल्या आकाशातूनही तेजोमेघाचे, म्हणजे अवकाशातील वायू व धुळीच्या ढगाचे, चांगले छायाचित्र मिळते. मात्र कोणता तेजोमेघ निवडावा, हे आधी ठरवावे लागते. मृग नक्षत्रातील एम ४२ सारखे तेजोमेघ जवळच्या अतिउष्ण ताऱ्यांच्या अतिनील किरणांमुळे स्वतः प्रकाशतात आणि त्यांचा प्रकाश हायड्रोजनच्या ६५६.३ व ऑक्सिजनच्या ५००.७ नॅनोमीटर अशा मोजक्याच तरंगलांबींवर एकवटलेला असतो. तेवढ्याच पट्ट्या आत सोडणारा ड्युअल-बँड फिल्टर कॅमेऱ्यापुढे बसवला की रस्त्यावरील एलईडी दिव्यांचा बहुतेक उजेड अडतो. कृत्तिकांभोवतालचा तेजोमेघ ताऱ्यांचा प्रकाश केवळ परावर्तित करत असल्याने तेथे हा फिल्टर उपयोगी पडत नाही. त्यासाठी माळशेजच्या बाजूला अंधारात जावे.

पैसे मर्यादित असतील तर ते दुर्बिणीपेक्षा विषुववृत्तीय माउंटवर (ध्रुवाकडे रोखलेल्या अक्षाभोवती फिरून ताऱ्यांचा मागोवा घेणाऱ्या बैठकीवर) खर्च करावेत, असे माझे ठाम मत आहे. ६० ते ८० मिलिमीटर व्यासाची आणि सुमारे ४०० मिलिमीटर नाभीय अंतराची दुर्बीण सुरुवातीला पुरते. साधा डीएसएलआरही चालतो, परंतु त्याच्या आतील फिल्टर हायड्रोजनचा लाल प्रकाश बराचसा शोषून घेतो. तो बदलून घेतलेला कॅमेरा मिळाल्यास उत्तम. मृगासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य असून जानेवारीच्या मध्यास एम ४२ रात्री साडेदहाच्या सुमारास दक्षिणेस जवळजवळ ६५ अंश उंचीवर येतो.

आपल्याकडे खरी कसोटी लागते ती माउंट ध्रुवाकडे रोखताना. ठाण्याचा अक्षांश सुमारे १९ अंश असल्याने ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढाच वर दिसतो आणि उत्तरेला एखादा टॉवर असला की तो झाकला जातो. अशा वेळी नीनासारख्या सॉफ्टवेअरमधील तीन बिंदूंची पद्धत वापरावी. आकाशाच्या मोकळ्या भागाचे तीन फोटो घेऊन ते अक्ष कोणत्या दिशेला किती सरकवायचा हे सांगते. इतक्या कमी अक्षांशावर प्रतिभाराचा (दुर्बिणीचा तोल साधणाऱ्या वजनाचा) दांडा ट्रायपॉडच्या उत्तरेकडील पायावर आपटू शकतो, म्हणून माउंटची रचना परवानगी देत असेल तर पाय दक्षिणेकडे वळवावा, अन्यथा मध्ये छोटा एक्स्टेन्शन पिअर (उंची वाढवणारा खांब) बसवावा. फोटो घेण्यापूर्वी दुर्बीण पूर्व-पश्चिम फिरवून दांडा मोकळा फिरतो ना, हे पाहावे.

फोकससाठी दुर्बिणीच्या तोंडावर बाह्तिनोव मास्क (खाचा पाडलेली चकती) लावून व्याधाकडे रोखावे. पडद्यावर ताऱ्यातून तीन रेषा फुटलेल्या दिसतात. दोन फुलीसारख्या छेदतात आणि तिसरी फोकसचा स्क्रू फिरवला की त्यांच्यामधून सरकते. ती फुलीच्या नेमक्या मध्यावर आली की फोकस जुळला. मग स्क्रू घट्ट करून मास्क आठवणीने काढावा. रात्रीच्या गारठ्याने नळी आकुंचन पावते, म्हणून तासाभराने हे पुन्हा तपासावे. खाडीलगतच्या दमट हवेत भिंगावर दव धरते, तेव्हा तापपट्टी आधीपासूनच गुंडाळून ठेवावी.

आयएसओ ८०० आणि ६० ते १२० सेकंदांचे एक्स्पोजर घेऊन सुरुवात करावी. हिस्टोग्रामचा (कॅमेऱ्यातील उजेडाच्या आलेखाचा) उंचवटा डाव्या कडेपासून सुटा झाला की पुरेसा प्रकाश मिळाला असे समजावे. फोटो रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपात आणि भरपूर घ्यावेत, कारण शंभर फोटो एकत्र केल्यावर एका फोटोच्या तुलनेत यादृच्छिक नॉइज (चित्रातील दाणेदारपणा) सुमारे एक-दशांशावर येतो. शेवटी भिंगावर झाकण लावून त्याच आयएसओचे व कालावधीचे डार्क (सेन्सरचा स्वतःचा नॉइज टिपणारे काळे फोटो) घ्यावेत, आणि कॅमेरा व फोकस जागचे न हलवता, दुर्बिणीच्या तोंडावर पांढरे कापड ताणून फ्लॅट (एकसारख्या उजेडाचे फोटो) घ्यावेत. फ्लॅट टाळल्यास सेन्सरवरील धुळीचे डाग आणि कडांवरील काळोख चित्रात तसेच राहतात.

हे सगळे सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये जोडून मग उजळपणा हळूहळू ताणावा. एम ४२ चा गाभा लांब एक्स्पोजरमध्ये पांढरा फटक पडतो; त्यासाठी ५ ते १० सेकंदांचे फोटो वेगळे काढून जोडावेत आणि मूळ चित्रावर सॉफ्टवेअरमधील मास्कने (फक्त निवडलेला भाग बदलू देणाऱ्या आवरणाने) मिसळावेत, म्हणजे मधले चार तारेही सुटे दिसतात.