जुना पॉप-अप कॅम्पर: घेताना, ओढताना, वाळवताना

अमेरिकेत कॅम्पिंगची गोडी लागलेली मराठी कुटुंबं पहिली काही वर्षं तंबूत काढतात. मग कुणाची तरी पाठ धरते आणि पॉप-अपचा विषय निघतो. बंद असताना कमरेच्या जरा वर येणारा पेटारा; उघडला की वर टणक छत, दोन टोकांना बाहेर सरकणारे पलंग आणि भोवती कॅनव्हास. बहुतेक जण तो वापरलेलाच घेतात आणि ते शहाणपणाचंही आहे. फक्त टायर, बेअरिंग, बॅटरी यांचा खर्च आधी मोजता येतो, पाणी मुरलेल्या छताचा आणि फरशीचा येत नाही. त्यामुळे सौदा करताना यंत्रापेक्षा ओल शोधा.

ट्रेलर पूर्ण उघडून दाखवा असं विकणाऱ्याला फोनवरच सांगा. ‘इथे उघडायला जागा नाही’ असं उत्तर आलं तर जाण्याची तसदी घेऊ नका. उघडल्यावर आधी वास घ्या. कुबट वास आला तर कुठेतरी पाणी आहे. सुगंधी फवाऱ्याचा दणका असेल तर संशय आणखी वाढवा. छताच्या चारही कोपऱ्यांत, उचलणारे खांब जिथे छताला जोडलेले असतात तिथे, आतून अंगठ्याने दाबा. मग दाराजवळची फरशी आणि भिंतींची खालची कड. लाकूड दबलं, की आतला सांगाडा कुजलाय असं समजा. उन्हात आत उभं राहून कॅनव्हास पाहा, बारीक भोकं उजेडाने लगेच दिसतात. नवा कॅनव्हास हजार डॉलरच्या वर जातो, जुन्या ट्रेलरला तो परवडत नाही.

कोलमन-फ्लीटवूडचे ट्रेलर बाजारात भरपूर दिसतात. पेनसिल्व्हेनियातल्या सॉमरसेटचा त्यांचा कारखाना २०११ मध्ये बंद झाला, तरी सुटे भाग मिळतात. मात्र १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून २००३च्या आसपासपर्यंत त्यांच्या बऱ्याच मॉडेलांना एबीएस प्लास्टिकचं अखंड छत होतं आणि त्याला तडे जातात. छतावर रंगाचा नवा थर दिसला तर खाली काय झाकलंय ते विचारा. टायटलवरचा (मालकीच्या कागदावरचा) व्हीआयएन, म्हणजे ओळख क्रमांक, ट्रेलरवरच्या पाटीशी जुळवल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता तुमची गाडी. छोटे पॉप-अप रिकामे असताना साधारण १५०० ते २५०० पौंड भरतात. त्यावर सामान चढतं, आणि २० गॅलनची टाकी भरली तर नुसतं पाणीच सुमारे १६७ पौंड. होंडा सीआर-व्हीची अमेरिकेतली ओढण्याची मर्यादा जास्तीत जास्त १५०० पौंड आहे, म्हणजे ती बहुतेक पॉप-अपना पुरणार नाही. टोयोटा सिएनाची ३५०० आहे. हिच (ट्रेलर अडकवायचा गाडीमागचा जोड) बसवून घेतलं म्हणून मर्यादा वाढत नाही. गाडी, हिच आणि त्यावरचा गोळा (बॉल) या तिघांतला सर्वात कमी आकडा खरा.

जोडणीवर, म्हणजे ट्रेलरच्या नाकावर, एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हवा. २००० पौंडांच्या ट्रेलरला २०० ते ३००. घरातल्या वजनकाट्यावर फळी ठेवून तिच्यावर पुढच्या जॅकचा पाय टेकवा, ट्रेलर सपाट ठेवा, आकडा समोर येतो. भार कमी पडला तर वेग वाढताच ट्रेलर शेपटीसारखा डोलतो. त्यामुळे कूलर, पाण्याचे कॅन, तांदळाची पिशवी असलं जड सामान अॅक्सलच्या वर किंवा जरा पुढे ठेवा, मागच्या टोकाला कधीच नाही. डोलू लागलाच तर गाडीचा ब्रेक दाबू नका. अॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, आणि ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर गाडीतल्या ब्रेक-कंट्रोलरने फक्त तेच हळू लावा. ब्रेकची सक्ती राज्याराज्यांत वेगळी आहे: अनेक राज्यांत ती ३००० पौंडांवर लागू होते, कॅलिफोर्नियात १५०० पासूनच. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला ताशी ५५ मैलांच्या वर जाता येत नाही, बाजूने सगळे ८०ने पळत असले तरी.

ट्रेलरला एसटी (स्पेशल ट्रेलर) छापाचेच टायर घाला. कडेवरच्या ‘डीओटी’ने सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे पाहा: २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा. नक्षी कोरी करकरीत दिसली तरी सहा वर्षांनी टायर बदला. उभ्या ट्रेलरचे टायर झिजत नाहीत, उन्हाने वाळतात. टायर थंड असताना कडेवर लिहिलेल्या कमाल दाबाइतकी हवा भरा. चाक काढून बसवलं असेल तर पहिल्या १०, २५ आणि ५० मैलांवर थांबून नट टॉर्क पान्याने पुन्हा आवळा. बेअरिंगना वर्षातून एकदा किंवा १२,००० मैलांनी, जे आधी येईल तेव्हा, नवं ग्रीस.

रिव्हर्सला नवखा माणूस घामाघूम होतो, कारण बंद पॉप-अप बुटका आणि अरुंद असतो आणि कुठल्याच आरशात दिसत नाही. मागच्या दोन कोपऱ्यांवर लवचीक काठ्या लावून त्यांना झेंडे बांधा. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा. ट्रेलर ज्या बाजूला न्यायचा त्या बाजूला हात सरकवा, अगदी थोडा. छोटा ट्रेलर पटकन वळतो आणि गाडीला काटकोनात भिडतो. बिघडलं की पुढे घ्या आणि नव्याने सुरू करा.

उभारणीत क्रम चुकला की मोडतोड होते. गाडीला जोडलेला असतानाच ट्रेलर डावी-उजवीकडे समतल करा, खालच्या बाजूचं चाक फळ्यांवर चढवून. मग दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे, आणि त्यानंतरच जोडणी सोडा. पुढे-मागे समतल पुढच्या जॅकने. चार कोपऱ्यांचे पाय जमिनीला टेकून जरा आवळा, त्यांनी ट्रेलर उचलू नका. ते डुगडुग थांबवायला असतात. उचलायला गेलात तर चासी पिळवटते आणि दार बसत नाही.

छतावर काही नाही आणि चारही कड्या उघडल्या आहेत हे फिरून पाहा. एक कडी विसरून छत उचलायचं हँडल फिरवलं की तो कोपरा खाली राहतो आणि केबल किंवा खांब जातो. बऱ्याच ट्रेलरांत छत आणि पेटाऱ्यामध्ये एक बारीक तार असते. ती ताठ झाली की थांबा. नसेल तर योग्य उंचीला खांबावर रंगाची खूण करून ठेवा. आपोआप ब्रेक लागणाऱ्या विंचमध्ये (हँडलने फिरणाऱ्या चरखीत) छत वर जाताना टकटक आवाज यायला हवा. तो येत नसेल तर छताखाली जाऊ नका. दातऱ्यांना ग्रीस चालतं, पण ब्रेकच्या चकत्यांना लागलं तर छत धरून राहत नाही.

छत वर गेलं की आधाराच्या दांड्या लावा, मग पलंग ओढा. पलंगाखालचे दोन्ही तिरके दांडे बसेपर्यंत मुलांना वर चढू देऊ नका. त्यांना आधी पलंगावरच उडी मारायची असते. शेवटी कॅनव्हासच्या कडा पलंगाखाली ताणून अडकवा. कड सैल राहिली तर पावसाचं पाणी थेट गादीत उतरतं.

फोडणी बाहेर. कॅनव्हास हिंग-लसणाचा वास धरतो तो हंगामभर सोडत नाही आणि तेलकट थरावर बुरशी लवकर येते. अस्वलांच्या भागात तर हा वास घातकच. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात अन्न, टूथपेस्ट, साबण, सगळं कॅम्पसाइटच्या लोखंडी पेटीत ठेवावं लागतं; कॅनव्हासचा ट्रेलर ही ‘बंद’ जागा धरत नाहीत. यलोस्टोनच्या फिशिंग ब्रिज आरव्ही (राहण्याच्या गाड्यांच्या) पार्कात पॉप-अपला प्रवेशच नाही, कारण तिथे अस्वलांची ये-जा असते. आरक्षणापूर्वी ‘फक्त टणक भिंतीचे ट्रेलर’ असा नियम आहे का ते वाचा.

विजेचा हिशेब सोपा आहे. ८० अँपिअर-अवरच्या साध्या लेड बॅटरीतली निम्मीच वापरा. फ्रिज १२ व्होल्टवर ठेवला तर साधारण १० अँपिअर खातो, म्हणजे चार तासांत खेळ संपला. तो गॅसवर किंवा हुकअपवर (कॅम्पसाइटच्या विजेवर) चालवा. हुकअप असला तरी आतल्या प्लगांची एक लाइन बहुधा १५ अँपिअरची, म्हणजे १८०० वॉटची असते. इंडक्शन आणि भाताचा कुकर एकदम लावले की ब्रेकर पडणारच. पेट्रोल पंपावर जाण्याआधी गॅसची टाकी बंद. शेगडी किंवा निखारे उबेसाठी आत आणू नका. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालतोय का आणि त्यामागची मुदतीची तारीख उलटली नाही ना, हे दर सहलीआधी पाहा.

सकाळी गादीखाली ओल सापडली तर ते गळणं नसेल. चार माणसांच्या श्वासाचं पाणी थंड पलंगावर जमतं. समोरासमोरच्या दोन खिडक्या चार बोटं उघड्या ठेवा आणि गादीखाली फॉइलचं बबल-शीट अंथरा.

बंद करताना क्रम उलटा. पलंगावरचे दिवे आधी विझवा; पेटलेला दिवा गादीत दाबला गेला की आग लागू शकते. छताची झडप उघडी ठेवा म्हणजे आतली हवा निघेल, नाहीतर कॅनव्हास फुगून बाहेर येतो आणि छताच्या कडेत चिमटतो. छत अर्ध्यावर आलं की थांबून चारी बाजूंनी फिरा, बाहेर आलेला कॅनव्हास आत खोचा, मग पुढे उतरवा.

पावसात बंद करावाच लागला तर घरी पोचून ४८ तासांच्या आत पुन्हा उघडा आणि शिवणी, पलंगांच्या कडा, गाद्यांच्या खालच्या बाजू हाताला कोरड्या लागेपर्यंत बंद करू नका. ड्राइव्हवेत उघडायला एचओएची (वस्तीतल्या घरमालकांच्या संघटनेची) मनाई असेल तर ट्रेलर घेण्याआधीच जागेची सोय बघा. बुरशीचे काळे ठिपके आलेच तर पांढरा व्हिनेगर आणि पाणी समभाग घेऊन मऊ ब्रशने घासा, धुवा, वाळवा. ब्लीच लावलंत तर सुती कॅनव्हासचा धागा आणि शिवण दोन्ही कमकुवत होतात. छताच्या सांध्यांना सिलिकॉन फासू नका. त्यावर पुढे दुसरं काहीच चिकटत नाही. ब्युटाइल टेप आणि आरव्हीचा सीलंट वापरा.

हिवाळ्याआधी टाकी आणि नळ्या रिकाम्या करून गुलाबी आरव्ही अँटिफ्रीझ पंपाने फिरवा, प्रत्येक नळातून गुलाबी येईपर्यंत. बॅटरी काढून घरात चार्ज करून ठेवा. फरशीतून नळ्या-वायरी जातात तिथल्या फटींत तारेची घासणी कोंबा आणि फरसाणाचे डबे, चिवड्याचे चुरे, सगळं बाहेर काढा. उंदरांना कॅनव्हासच्या घड्या फार आवडतात. वरून ताडपत्री टाकायची असेल तर मधोमध टेकू देऊन तिला दोन्हीकडे उतार द्या आणि बाजू खालून मोकळ्या सोडा. गच्च गुंडाळलेल्या ट्रेलरमध्ये मार्चपर्यंत ओल साचते.