जुन्या पुस्तकाला घरच्या खणाची बांधणी

पारायणाची प्रत असो की फोडणीचे डाग पडलेलं पाककृतींचं पुस्तक, आधी एका पानाचा कोपरा दुमडून बघा. दोनदा दुमडल्यावर तुटला, तर तो कागद शिवण पेलणार नाही. असं पुस्तक उकलू नका, पुठ्ठ्याची पेटी करून त्यात ठेवा. कोपरा टिकला तरच पुढचं काम.

पहिल्या कोऱ्या पानावर जन्मवेळा, पारायणाच्या तिथी, कुणाची सही असेल, तर ते पान जपायचंच. दुकानात कडा मशीनवर कापल्या की समासातली अक्षरं अर्धी जातात. पुस्तक घरी बांधायचं ते मुख्यतः याचसाठी. कडा वाकड्यातिकड्या राहू द्या.

खळ कुरडयांच्याच चिकाची, पण मीठ-हिंगाशिवाय. गहू भिजवताना पाणी रोज बदला आणि निवळलेला चीक तीन-चारदा धुवा. आंबटपणा राहिला तर कागद पिवळा पडतो. वाळवलेला चीक 20 ग्रॅम, पाणी 120 मिली. मंद आचेवर ढवळत राहा, पारदर्शक झाल्यावरही 10 मिनिटं शिजवा, गार झाल्यावर गाळा. कसरीच्या धाकानं खळीत मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) घालायची जुनी पद्धत आहे. ती सोडा. तांब्यामुळे कागद तपकिरी होऊन मोडतो, शिवाय मोरचूद विषारी.

कण्यावरचा वाळलेला सरस ओढून काढू नका. त्यावर जाड खळ लावून 20 मिनिटं ठेवा, मऊ झाला की बोथट सुरीनं खरवडा. पानं टाचलेल्या गंजलेल्या तारेचे पाय आधी सरळ करा, मगच ती उपसा. फर्मे, म्हणजे एकत्र दुमडून शिवलेल्या पानांचे जुडगे, सुटे झाले की फाटलेल्या घड्यांना पातळ नेपाळी कागदाची दीड सेंटिमीटर रुंद पट्टी खळीनं लावा आणि वजनाखाली रात्रभर ठेवा. नोंदींचं पान अशाच पट्टीनं पहिल्या फर्म्याला जोडा. नवं अस्तर, म्हणजे पुस्तक पुठ्ठ्याला जोडणारा दुमडलेला कोरा कागद, त्याच्या बाहेर येईल.

21 सेंटिमीटर उंचीच्या पुस्तकाला घडीवर सहा भोकं: वरून 1.5, 6, 7.5, 13.5, 15 आणि 19.5 सेंटिमीटरवर. मधल्या दोन जोड्यांमध्ये दीड सेंटिमीटरच्या सुती फिती धरा. दोरा बारीक, मेण लावलेला. जाड घेतला तर कणा फुगतो. दोरा कण्याच्या रेषेतच ओढा, आडवा ओढला की घडी चिरते. प्रत्येक फर्मा संपताना सुई खालच्या टाक्यातून काढून गाठ घ्या. मग अस्तरं चिकटवा, कण्याला खळ लावून मलमल बसवा, दोन्ही बाजूंना अडीच सेंटिमीटर मोकळी.

आता खण. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा हा कपडा कित्येक घरांतल्या ट्रंकेत चोळीच्या रूपात असतोच. ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून रंग जातो का बघा. जात असेल तर तो खण वापरू नका. विण मोकळी असल्यानं खळ वर झिरपून डाग पडतो, म्हणून आधी मागून कागद लावायचा. खण ओट्यावर पालथा पसरा, पाणी शिंपडून ताणा, खळ लावलेला पातळ हातकागद बसवा आणि पूर्ण सुकल्यावरच सोडवा. काठ कण्यावर आला तर बांधणी फार देखणी दिसते.

पुठ्ठा 2 मिलिमीटरचा: उंची पानापेक्षा 6 मिलिमीटर जास्त, रुंदी 4 मिलिमीटर कमी. कण्याची पट्टी पुस्तकाच्या जाडीइतकी, तिच्या दोन्ही बाजूंना 7 मिलिमीटरची फट. फट कमी पडली तर पुस्तक नीट उघडत नाही. पुठ्ठ्याचे तंतू कण्याला समांतर हवेत, नाहीतर कव्हर वाकतं. खण चारही बाजूंनी 2 सेंटिमीटर जास्त ठेवा. कोपरा तिरका कापताना पुठ्ठ्यापासून 3 मिलिमीटर सोडा, अगदी लगत कापला तर टोक उघडं पडतं.

शेवटी फिती, मलमल आणि अस्तर पुठ्ठ्याला चिकटवा, मध्ये मेणकागद घालून 24 तास दाबाखाली ठेवा. हे सगळं दिवाळीनंतर करा. पावसाळ्यात खळ सुकायच्या आधी बुरशी धरते.