मुखपृष्ठ रंगवण्यापासून प्रेसपर्यंत: क्रिटा, इंकस्केप आणि स्क्रायबस

मराठी पुस्तकाचं मुखपृष्ठ तीन कामांत होतं: चित्र, शीर्षकाची अक्षरं आणि छपाईची मांडणी. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये तिन्हींना वेगळं हत्यार आहे. चित्राला क्रिटा, अक्षरांना इंकस्केप, मांडणीला स्क्रायबस. तिन्ही त्यांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. क्रिटा स्टीमवर किंवा मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर पैसे देऊनही मिळतं, पण ते तेच सॉफ्टवेअर असतं. पैसे विकासाच्या कामाला जातात. तुम्ही केलेल्या चित्राचे हक्क मात्र सगळीकडे तुमचेच राहतात.

बहुतेक घोळ होतात ते सगळं काम एकाच ठिकाणी उरकायला गेल्यामुळे. क्रिटामध्येच शीर्षक टाकायचं, तिथूनच जेपीईजी काढायचा आणि प्रेसला मेल करायचा. मग छापून आल्यावर अक्षरांच्या कडा मऊ दिसतात, काळ्या मजकुराला रंगीत झालर येते, आणि आदल्या रात्री लेखकाच्या नावातली वेलांटी बदलायची म्हटलं की अख्खं चित्र पुन्हा उघडावं लागतं.

आधी माप

डेमी आकाराचं १७६ पानांचं पुस्तक धरू, म्हणजे सोळा पानी अकरा फर्मे (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे). कापलेलं पान १४० × २१६ मिमी. कण्याची जाडी काढायला पानांची संख्या निम्मी करा, म्हणजे कागदाची पानं मिळतात, आणि त्याला कागदाच्या जाडीनं गुणा. कागद ०.०९ मिमीचा असेल तर ८८ × ०.०९ = ७.९२, म्हणजे ८ मिमी. जाडी प्रेसलाच विचारा. ७० जीएसएमचे (चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचे) दोन कागद सारख्या जाडीचे असतीलच असं नाही. वजन आणि फुगवटा या वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणजे मलपृष्ठ १४०, कणा ८, मुखपृष्ठ १४०: एकूण २८८ × २१६ मिमी. चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापात जाणारा चित्राचा जादा भाग. पण चित्र रंगवताना डावी-उजवीकडे आणखी ५-५ मिमी जास्त घ्या, कारण शेवटच्या प्रुफानंतर पानं वाढतात, कणा जाडावतो आणि चित्र कमी पडतं. तेव्हा कॅनव्हास ३०४ × २२२ मिमी, ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) ३५९१ × २६२२ पिक्सेल. कण्याच्या रेघा डावीकडून १७४८ आणि १८४३ पिक्सेलवर येतील. पट्टीवरून गाइड ओढून त्या तिथे लावा आणि लॉक करा.

क्रिटामध्ये चित्र

नवी फाइल उघडताना क्रिटा सीएमवायके (छपाईच्या चार शाया: सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा) देऊ करतं, आणि छपाईचं काम म्हणून हात तिकडेच जातो. रंगवायला आरजीबीच (पडद्याचे लाल, हिरवा, निळा) घ्या. सीएमवायकेत काही ब्लेंडिंग मोड (लेयर एकमेकांत मिसळण्याच्या रीती) आणि फिल्टर वेगळे वागू शकतात. शिवाय या मापाचा एक भरलेला लेयर आठ बिट आरजीबीत साधारण ३८ एमबी खातो, सीएमवायकेत ४७ आणि सोळा बिट आरजीबीत ७५. आठ जीबी रॅमच्या मशीनवर वीस-पंचवीस लेयर झाले की हा फरक ब्रशच्या रेंगाळण्यात दिसतो.

छापल्यावर रंग कसे दिसतील ते पडद्यावरच, सॉफ्टप्रूफिंगमधून पाहायचं. प्रेसकडे स्वतःचं आयसीसी प्रोफाइल (त्यांच्या शाई-कागदावर रंग कसे उतरतात ते सांगणारी फाइल) असेल तर तेच मागून घ्या. नसेल आणि मुखपृष्ठ आर्ट कार्डावर ऑफसेटला जाणार असेल, तर ईसीआय या युरोपीय गटाचं 'आयएसओ कोटेड व्ही२ ३००%' हे प्रोफाइल मोफत मिळतं. ते सेटिंग्ज → कॉन्फिगर क्रिटा → कलर मॅनेजमेंटमधून आत घ्या. मग इमेज → प्रॉपर्टीज → सॉफ्टप्रूफिंगमध्ये निवडा. कंट्रोल + वाय दाबलं की छपाईचं रूप दिसतं, कंट्रोल + शिफ्ट + वाय दाबलं की जे रंग शाईत बसत नाहीत ते वेगळ्या रंगानं झाकले जातात. पोपटी, झगझगीत नारिंगी आणि गडद निळा हे ठरलेले गुन्हेगार. ही तपासणी चित्र संपल्यावर नको. मूळ रंग ठरवतानाच करा. सगळं चित्र एका पोपटी साडीभोवती बांधलं आणि ती शाईत शेवाळी झाली, की तोल जातो तो सगळ्या चित्राचा.

विंडोजवर पेन टॅब्लेटचा दाब लागत नसेल तर ब्रश बदलत बसू नका. सेटिंग्ज → कॉन्फिगर क्रिटा → टॅब्लेट सेटिंग्जमध्ये 'विनटॅब' आणि 'विंडोज इंक' असे दोन पर्याय आहेत. जो चालू नाही तो निवडा आणि क्रिटा बंद करून पुन्हा उघडा. बहुतेकदा एवढ्यानं भागतं. लांब रेघ थरथरत असेल तर ब्रशच्या टूल ऑप्शन्समध्ये स्टॅबिलायझर लावा. पण रेखाटनाला तो बंद ठेवा, हात मागे रेंगाळल्यासारखा वाटतो.

चित्र झालं की कंट्रोल + आल्ट + एस दाबून नव्या क्रमांकाची प्रत करा. त्या प्रतीवर इमेज → कन्व्हर्ट इमेज कलर स्पेसमधून आठ बिट सीएमवायके आणि तेच प्रोफाइल निवडा. मग टिफ काढा. टिफच्या खिडकीत फ्लॅटनवर टिक हवी, अल्फा चॅनेलवर (पारदर्शकतेवर) नको, आयसीसी प्रोफाइल जोडण्यावर हवी. पीएनजी इथे कामाचा नाही; त्यात सीएमवायके बसतच नाही.

इंकस्केपमध्ये शीर्षक

नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडगे यांची अक्षरं पाहत वाढलेल्या वाचकाला नुसता फॉन्ट टाकलेलं शीर्षक लगेच कळतं. हातानं अक्षरं काढणार असाल तर ती कागदावर पाच-सात सेंटिमीटर उंचीची, काळ्या शाईनं काढा. ६०० डीपीआयला ग्रेस्केल स्कॅन करून इंकस्केपमध्ये आणा. पाथ → ट्रेस बिटमॅपमध्ये ब्राइटनेस कटऑफ निवडा. थ्रेशोल्ड मूळचा ०.४५ असतो, बोरूच्या बारीक रेघा तुटत असतील तर तो वाढवा, वेलांटीच्या पोटात शाई भरत असेल तर कमी करा. कागदाचे ठिपके 'स्पेकल्स' वाढवून जातात, पण फार वाढवला तर अनुस्वारही जातो. ट्रेस झाल्यावर प्रत्येक अनुस्वार आणि नुक्ता मोजूनच पुढे जा. मागे राहिलेला मूळ स्कॅन खोडायला विसरू नका.

फॉन्ट वापरायचा तर तो युनिकोड हवा. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर या तिन्ही सॉफ्टवेअरांत इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. मुक्त परवान्याचे चांगले देवनागरी फॉन्ट आता भरपूर आहेत: मुंबईच्या 'एक टाइप' या गटाचे 'मुक्त', 'बलू २' आणि 'मोदक', मजकुरासाठी 'टिरो देवनागरी मराठी'. मोदक देखणा आहे, पण त्याच्या पोटातल्या जागा इतक्या अरुंद की तीन-चार अक्षरांपुढच्या शीर्षकाला तो जड होतो.

फॉन्ट पक्का करण्यापूर्वी 'लशऱ्य' एवढं टाइप करून पाहा. ल आणि श मराठी वळणाचे आहेत का, आणि ऱ्य मधला अर्धा र बरोबर बसतो का? अनेक फॉन्ट मूळ रूप हिंदीचं ठेवतात आणि मराठी रूप आत लपवतात. टिरो मराठीत ते थेट मिळतं.

मोकळं दिसावं म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. वाढवलं की शिरोरेघ तुटते. अंतर हवंच असेल तर पुढची रीत वापरा, तशीही ती करावीच लागते. मजकुराची एक प्रत बाजूला ठेवा. दुसरीवर पाथ → ऑब्जेक्ट टू पाथ करा, कंट्रोल + शिफ्ट + जी नं ग्रुप सोडा. आता प्रत्येक अक्षर सुटं आहे. हवं तसं सरकवा. शिरोरेघेच्या फटीवर तिच्याच जाडीचा आयत ठेवा आणि सगळं निवडून पाथ → युनियन करा. अंतर बदलायचं नसलं तरी युनियन लागतंच. देवनागरीत शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेघा एकमेकींवर किंचित चढलेल्या असतात. साध्या काळ्या भरावात ते कळत नाही, पण अक्षराला बाह्यरेषा किंवा पारदर्शकता दिली की प्रत्येक जोडावर उभी चीर दिसते.

सावली, धुरकटपणा असले फिल्टर इथे देऊ नका. स्क्रायबस एसव्हीजी (इंकस्केपची फाइल) घेताना ते सोडून देतं. सावली हवी तर ती क्रिटातल्या चित्रातच रंगवा. फाइल प्लेन एसव्हीजी म्हणून ठेवा.

स्क्रायबसमध्ये मांडणी

१.६ किंवा त्यापुढची आवृत्ती घ्या. १.४ मालिकेत देवनागरीची जोडणी नव्हती. पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसायची. अजूनही ज्या जुन्या लेखांत 'स्क्रायबसला मराठी येत नाही' असं वाचायला मिळतं ते त्या काळातले. नवा फॉन्ट बसवल्यावर स्क्रायबस बंद करून उघडावं लागतं, आणि सगळी वजनं एकाच फाइलमध्ये असलेल्या व्हेरिएबल फॉन्टऐवजी प्रत्येक वजनाची सुटी फाइल असलेला फॉन्ट बसवलेला बरा.

पान २८८ × २१६ मिमी, ब्लीड चारी बाजूंनी ३ मिमी, उभ्या गाइड १४० आणि १४८ वर. फाइल → डॉक्युमेंट सेटअप → कलर मॅनेजमेंट चालू करा आणि तेच प्रोफाइल द्या. हे केलं नाही तर निर्यातीच्या वेळी पीडीएफ/एक्सचे (छपाईसाठीच्या पीडीएफचे) पर्याय दिसतच नाहीत, आणि माणूस आवृत्तीला दोष देत बसतो. चित्रासाठी फ्रेम २९४ × २२२, म्हणजे ब्लीडच्या कडेपर्यंत; चित्राचे डावी-उजवीकडचे जादा ५-५ मिमी फ्रेमबाहेर राहू द्या. चित्राचा प्रत्यक्ष पीपीआय ३०० च्या आसपास दिसला पाहिजे.

शीर्षक फाइल → इम्पोर्टमधून व्हेक्टर फाइल म्हणून घ्या. आता एडिट → कलर्स अँड फिल्स उघडा. यादीत 'फ्रॉमएसव्हीजी' नं सुरू होणारे रंग दिसतील. हे आरजीबी आहेत. काळा तसाच राहिला तर तो चार शायांत फुटतो, आणि छपाईत एखाद्या शाईची प्लेट केसभर सरकली की अक्षराला निळी-गुलाबी कड येते. तो रंग उघडून सीएमवायके करा: सायन, मॅजेंटा, पिवळा शून्य, काळा शंभर. निळा करताना मॅजेंटा सायनपेक्षा तीसएक टक्के कमी ठेवा, नाहीतर तो जांभळा होतो. यादीतला 'रजिस्ट्रेशन' हा काळ्यासारखा दिसणारा रंग मजकुराला कधीच लावू नका. तो चारही प्लेटांवर शंभर टक्के जातो.

मलपृष्ठाचा मजकूर इथेच टाइप करा, कापाच्या कडेपासून निदान १० मिमी आत. कण्यावरचं नाव दोन्ही बाजूंनी दीड-दोन मिमी सोडून बसवा, कारण बांधणीत कणा तेवढा हलतो. ८ मिमीच्या कण्यावर ४ मिमीपेक्षा उंच ओळ ठेवू नका, आणि उंची मोजताना वरच्या मात्रा आणि खालचे उकारही धरा. आयएसबीएनचा बारकोड इन्सर्ट → बारकोडमधून तयार होतो, त्यासाठी घोस्टस्क्रिप्ट बसवलेलं लागतं. तो पांढऱ्या चौकटीवर, फक्त काळ्यात.

पीडीएफ

आउटपुट प्रिव्ह्यूमध्ये चारही प्लेटा एकेक करून पाहा. फक्त काळी प्लेट बंद केली की मलपृष्ठाचा मजकूर पूर्ण नाहीसा झाला पाहिजे. अंधूक राहिला तर कुठेतरी आरजीबी काळा उरला आहे. एकूण शाई ३०० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. जास्त शाई सुकत नाही, आणि गठ्ठ्यात वरच्या कागदाच्या पाठीला लागते.

निर्यातीत प्रेस पीडीएफ/एक्स-३ घेते का ते विचारा. जुनी यंत्रणा असेल तर एक्स-१ए मागतात. फॉन्टच्या टॅबमध्ये सगळे आउटलाइन करा, म्हणजे तिकडे फॉन्ट असण्या-नसण्याचा प्रश्न राहत नाही. प्री-प्रेसमध्ये क्रॉप मार्क आणि डॉक्युमेंटचं ब्लीड चालू. आलेली पीडीएफ स्क्रायबसबाहेरच्या वाचकात उघडून जोडाक्षरं पुन्हा वाचा, आणि छपाईआधी त्याच कागदावर, त्याच लॅमिनेशनसह एक प्रूफ मागा. मॅट लॅमिनेशननं गडद रंग फिके पडतात, ते पडद्यावर दिसत नाही.

दुसऱ्या आवृत्तीसाठी केआरए (क्रिटाची फाइल), एसव्हीजी, एसएलए (स्क्रायबसची फाइल), टिफ, फॉन्ट आणि प्रोफाइल एकाच फोल्डरमध्ये ठेवा. स्क्रायबसचं फाइल → कलेक्ट फॉर आउटपुट चित्रं, फॉन्ट आणि प्रोफाइल गोळा करून देतं; केआरए आणि मूळ एसव्हीजी मात्र हातानंच टाकावी लागतात.