सुरीला धार टिकत नाही? या चुका टाळा

वडीसाठी सांबार (कोथिंबीर) चिरताना पानं ठेचली जाऊन काळी पडू लागली आणि पाटावर हिरवं पाणी सुटलं, की समजावं, सुरीची धार गेली. मग नागपुरात इतवारीतून किंवा बर्डीवरून नवा शार्पनर आणला जातो आणि थोड्याच दिवसांत पुन्हा तीच तक्रार. माझ्या मते बहुतेक घरांत दोष साधनाचा नसतो, बाजू पालटायची घाई नडते.

दगडावर पातं एकदा इकडून, एकदा तिकडून घासत बसू नका. एकच बाजू घासत राहा, दुसऱ्या बाजूला धातूची बारीक खरखरीत कोर येईपर्यंत. ती दिसत नाही, पण बोटाला लागते. अंगठा पात्याच्या पाठीकडून धारेकडे अलगद ओढून बघा, धारेच्या लांबीवरून कधीही फिरवू नका. कोर मुठीपासून टोकापर्यंत सलग लागली पाहिजे. टोक आणि मुठीजवळचा भाग हमखास राहून जातो. सलग लागली की मगच सुरी पालटा. शेवटी दाब कमी करत आलटून पालटून हलके हात मारा, म्हणजे कोर निघून जाते. ती राहिली, तर सुरी पहिल्या दिवशी छान कापते आणि लगेच बोथट होते.

कोनही सांभाळा. घरच्या सुरीला साधारण 20 अंश पुरतात. पातं 4 सेंमी रुंद असेल, तर पाठ दगडापासून जवळपास 1.4 सेंमी वर राहते. शंका असेल तर धारेला मार्कर लावून दोन हात मारा. शाई धारेच्या अगदी कडेवर शिल्लक राहिली, तर पाठ फार खाली आहे. रोजच्या सुरीला 1000 ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगड किती बारीक-जाड त्याचा आकडा) दगड बस आहे. मध्ये खड्डा पडलेल्या दगडावर मात्र कोन जमणारच नाही, आधी तो सपाट करून घ्या.

ओढायचा शार्पनर धातू खरवडतो. स्वस्त सुरीला चालेल, पण जोर देऊ नका. कडक जपानी पात्याचे मात्र त्याने टवके उडतात. स्टीलची सळई वाकलेली धार सरळ करते, पार बोथट सुरीला तिचा उपयोग नाही.

चाकावर धार लावून घेताना ठिणग्या उडत असतील, तर पातं मधूनमधून पाण्यात बुडवायला सांगा. धारेवर निळी झाक आली, की तिथल्या पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलंच. तेवढा भाग पुढे धार धरत नाही.

आणि कृपा करून ग्रॅनाइटच्या ओट्यावर किंवा स्टीलच्या ताटात चिरू नका, लाकडी पाट घ्या. पावशीचं (विळीचं) पातं वाकडं असतं, म्हणून तिथे पातं पक्कं ठेवून दगडच फिरवा, हात धारेच्या मागे ठेवून. दातेरी ब्रेडची सुरी सपाट दगडावर घासूच नका, दाते झिजून जातील.